दुष्काळाची खोटी हाकाटी

गांवांत पाण्याचा तुटवडा पडला म्हणजे नवे पाट खणले जातात. शरीराचीहि रीत हीच. पेशींना प्राणवायु कमी पडला कीं, एचआयएफ नांवाचें प्रथिन त्यांत सांठतें व नव्या रक्तवाहिन्यांची आज्ञा सुटते. प्राणवायु पुरेसा असला, तर त्याची खूण उमटलेलें हें प्रथिन ओळखून व्हीएचएल नांवाचें दुसरें प्रथिन त्याचा नाश घडवितें.

मूत्रपिंडाच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मात्र हा पहारेकरीच बहुधा नाहींसा झालेला असतो. मग प्राणवायु असूनहि दुष्काळाची हाकाटी चालूच राहते. एचआयएफच्या हुकमानें व्हीईजीएफ हें प्रथिन स्रवतें, रक्तवाहिन्यांचे फांटे गांठीकडे धांवतात, गांठ पोसली जाते आणि रक्ताच्या वाटेनें रोग फुप्फुसांत व हाडांत पसरतो.

व्हीएचएलचें जनुक १९९३ सालीं सांपडलें. प्राणवायूची ही जाणीव उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एचआयएफच्या दुसऱ्या प्रकाराला रोखणारें बेल्झुटिफान हें औषध अमेरिकेंत २०२१ सालीं मान्य झालें. त्यानें रोग समूळ जातोच असें नाहीं. परंतु किल्ल्याची रसद कोठून येते हें कळल्यावांचून ती तोडतां येत नाहीं, आणि तें आतां कळलें आहे.