बंदूक सासऱ्यांच्या नावावर



भात पिकायला लागलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत लोळवतो, हे आपल्या सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. आमच्या बचत गटातल्या काही घरांत शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. ती सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारले की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. माळ्यावर ठेवली तर गुन्हा होतो. मग राखण करायची कुणी? नवरे तर मुंबईत! परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे सूनही अर्ज करू शकते. परवाना पाच वर्षांचा असतो, तारीख बघून ठेवा.

निवडणुकीतही बंदुका जमा होतात. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, ऐन कापणीत. अशा वेळी सूट मागणारा अर्ज लगेच द्यावा.

आणि परवाना बंदुकीचा आहे, डुक्कर मारण्याचा नव्हे. त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. खरं सांगायचं तर, तंगीच्या वर्षी आम्हाला बारापेक्षा पंचनामा जास्त उपयोगी वाटतो. नुकसान दिसलं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. सातबारा आणि बँकेचं पासबुक पुढच्या बैठकीला घेऊन या, अर्ज एकत्र बसून भरू.