चित्रावलोकनातून इंग्रजी लेखन
(जबलपूर येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हिंदी अथवा मराठी माध्यमातून पदवी घेतलेला विद्यार्थी पुढील वर्गात इंग्रजी निबंध लिहिताना अडखळतो. त्याचा शब्दसंग्रह तोकडा असतो, असे कारण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मला ते पूर्णतः मान्य नाही. शब्द कोशात सापडतात. आपण प्रत्यक्ष काय पाहिले, त्यावरून काय ताडले आणि दुसऱ्याकडून काय ऐकले, या तीन गोष्टी वाक्यरचनेतच वेगळ्या दाखवणे हे खरे अवघड काम असते. विद्यापीठीय इंग्रजी या भेदावर उभी आहे. तो शिकवण्यासाठी चित्र वा शिल्प यांच्याइतके सोयीचे साधन मला दिसत नाही, कारण तेथे पुरावा वर्गातील सर्वांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी असतो.

चित्रावरून भाषा शिकवण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये लॅटिन शिकवण्यासाठी सचित्र पुस्तक काढले. पण त्याचा भर वस्तूंच्या नावांवर होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी जी पद्धत विकसित केली, ती आपल्या अधिक उपयोगाची आहे. तिच्यात शिक्षक मोजके प्रश्न विचारतो. चित्रात काय चालले आहे? असे तुम्ही कशावरून म्हणता? आणखी काय दिसते? यांपैकी दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. संशोधन प्रबंधाचा परीक्षक दुसरे काय विचारतो?

या प्रश्नांसाठी जबलपूरकरांना दूर जावे लागत नाही. भेडाघाटचे चौसष्ट योगिनी मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. कलचुरी काळातील, साधारण दहाव्या शतकातील हे वर्तुळाकार मंदिर. नाव चौसष्टचे, कोनाडे मात्र ८१. अनेक मूर्ती भंगलेल्या आहेत. विद्यार्थ्यांना तेथे पाच वाक्ये लिहायला सांगावीत. बहुतेक जण मार्गदर्शकाकडून ऐकलेली कथा लिहितील आणि ६४ हा आकडाही न मोजता देतील. मग दुसरा प्रश्न विचारावा.

‘द इमेज इज डॅमेज्ड’ हे निरीक्षण आहे. ‘द इमेज वॉज डॅमेज्ड बाय...’ असे लिहिताच लेखकावर नवी जबाबदारी येते, कारण कर्त्याचे नाव मूर्तीवरील घावात लिहिलेले नसते. त्यासाठी शिलालेख, समकालीन नोंद किंवा उत्खननाचा अहवाल लागतो. कर्मणी प्रयोग केव्हा वापरावा आणि त्यात कर्ता केव्हा गाळावा, हे व्याकरणाच्या पुस्तकातील नियमाने कळत नाही. त्या कोनाड्यासमोर उभे राहिल्यावर कळते. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत कित्येकांचे गुण नेमके या ठिकाणी जातात, हे जाता जाता सांगतो.

येथे मराठी विद्यार्थ्याची एक जमेची बाजू आहे. ‘मूर्ती दहाव्या शतकातील आहे’ आणि ‘मूर्ती दहाव्या शतकातील असावी’ यांतील फरक त्याला शिकवावा लागत नाही. ‘दिसते’, ‘असेल’, ‘म्हणे’ या छटा त्याच्या घरच्याच आहेत. परंतु इंग्रजी लिहू लागताच तो सर्वत्र ‘इज’ लिहितो. ‘अपीअर्स टू बी’, ‘मे हॅव बीन’, ‘इज सेड टू बी’ या रचना त्याच्या ‘दिसते’, ‘असावी’ आणि ‘म्हणे’ यांच्या जवळच्या नातलग आहेत, एवढे दाखवून दिले तरी त्याची भीती पुष्कळ कमी होते. मातृभाषा बाजूला ठेवल्याने इंग्रजी सुधारते हा समज आपण सोडायला हवा.

दुसरे उदाहरण स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना विशेष जवळचे वाटेल. संविधानाच्या मूळ हस्तलिखित इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले आणि तिची सजावट नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांतील उद्देशिकेचे पृष्ठ ज्यांनी सजवले, ते ब्योहार राममनोहर सिन्हा जबलपूरचे. येथील शहीद स्मारकातील भित्तिचित्रांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. उद्देशिकेच्या पृष्ठावर खालच्या कोपऱ्यात ‘राम’ अशी त्यांची लहानशी स्वाक्षरी आहे. आधी ती शोधायला सांगावे. त्या निमित्ताने संपूर्ण पृष्ठ पाहिले जाते.

उद्देशिका हे एकच दीर्घ वाक्य आहे. कर्ता आरंभी, मुख्य क्रियापदे शेवटी. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या चार कल्पना स्वतंत्र ओळींनी सुरू होतात, त्यामुळे वाक्याची बांधणी चित्रासारखी नजरेत भरते. नंतर विद्यार्थ्यांनी हे वाक्य पाच-सहा लहान इंग्रजी वाक्यांत उलगडावे आणि पुन्हा जोडावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील अनिवार्य इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत सारांशलेखन असते. त्यासाठी यापेक्षा चांगला सराव कोणता?

पुढचा टप्पा अधिक रंजक आहे. या पृष्ठावर ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या अर्थांचे शब्द शोधा, असे सांगावे. पाठांतराच्या जोरावर अनेक जण ते ‘दिसले’ असे सांगतील. ते तेथे नाहीत. १९७६ मधील ४२ व्या घटनादुरुस्तीने ते, तसेच एकात्मतेचा उल्लेख, उद्देशिकेत आले. पृष्ठावरील दिनांक २६ नोव्हेंबर १९४९ आहे. आता यावर इंग्रजीत एक परिच्छेद लिहायचा, तर भूतकाळ, वर्तमानकाळ आणि ‘ॲज ओरिजिनली अडॉप्टेड’ यांसारखी मर्यादा घालणारी पदे आपोआप आवश्यक होतात. काळाचा योग्य वापर येथे अर्थाचा प्रश्न बनतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. संदर्भ कसे द्यावेत, शंभर पानांचे प्रकरण कसे वाचावे, हे चित्र शिकवणार नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मूर्तीऐवजी आलेख द्यावा लागेल. मात्र ‘कशावरून म्हणता?’ हा प्रश्न तेथेही विचारावाच लागेल. मोठ्या वर्गात शिक्षकाला सर्वांचे लेखन तपासता येत नाही, तेव्हा दोघा-दोघांनी वह्या बदलून परस्परांच्या वाक्यांपुढे निरीक्षण, अनुमान किंवा ऐकीव अशी खूण करावी. प्रारंभी वाद मराठीत किंवा हिंदीत झाला तर होऊ द्यावा. लिहिण्याची वेळ आली की इंग्रजी वही उघडावी, आणि पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच वाक्यांपेक्षा अधिक लिहू नयेत.