एक संख्या, दोन अवयव



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच संख्या निवडली आहे : ४,२९,४९,६७,२९७. दोनाचा बत्तिसावा घात घ्या, त्यात एक मिळवा, की ही आली.

तुलूजच्या न्यायसभेत काम करणारे पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये एक अंदाज मांडला. दोनाचे पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घ्यावेत आणि प्रत्येकात एक मिळवावा. मिळतात ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ संख्या! यापुढेही मूळ संख्याच येत राहतील, असे फर्मांना वाटले. सहावी आपली संख्या. गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये पत्रातून हा अंदाज ऑयलरच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलरने तो मोडला : ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७.

दोनापासून एकेका मूळ संख्येने भागत गेलात, तर ६४१ चा नंबर ११६ वा लागतो. ऑयलरने नंतर दाखवले, की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असतो. मग उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती!

तोही भागाकार टाळता येतो. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी उणे एक धरता येते. ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. त्याचा चौथा घात केला, की बाकी एक. म्हणजेच ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी एक. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ चालतात. सोळा हा दोनाचा चौथा घात. तेव्हा दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवला, की शून्य.

आता आपल्या संख्येतून दोन वजा करा. उरलेली संख्या म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा नेमका गुणाकार. म्हणून या पाचांपैकी एकही आपल्या संख्येला भागत नाही. भागला असता तर त्याने दोनालाही भागले असते.

संख्येचे मोठेपण अंकांच्या लांबीवर मोजू नये, ते तिच्या घडणीत शोधावे. घडण कळली, की चार अब्जांची संख्याही पाटीवर मावते. आणि पाच उदाहरणे जुळली, तरी सिद्धता बाकीच राहते. फर्मांच्या मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती नाहीच असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

मालिकेतली पुढची संख्या म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात अधिक एक. १८८० मध्ये लाँद्री यांनी तिचा अवयव शोधला : २,७४,१७७. त्यातून एक वजा करा आणि २५६ ने भागून पाहा. घडण तिथेही तीच दिसेल.