तीन गोळ्यांचे पाकीट



आम्ही बँकेतले कारकून, कला शाखेचे पदवीधर. औषधशास्त्र शिकलेलो नाही. तरीही या विषयावर बोलायला उभे राहिलो, याचे कारण आमच्या घरातला गोळ्यांचा डबा. उरलेल्या गोळ्या आम्ही त्यात जपून ठेवीत असू. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ताप आला, तेव्हा मोठ्या मायेने त्यातल्याच चार अँटिबायोटिक कॅप्सूल आम्ही त्याला दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. शेवटी विषमज्वर निघाला. डॉक्टर म्हणाले, आधीच्या कॅप्सूलमुळे रक्ततपासणीत जंतू सापडायला अडचण झाली. मुलाची परीक्षा बुडाली. त्याच्या आईने आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही, हे अधिक लागले.

या विषमज्वराचीच हकिकत पाहा. १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि या जीवघेण्या रोगावर उपाय मिळाला. १९७२ साली केरळात कालिकतला, त्या औषधाला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. तेही निष्प्रभ होत गेले. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या विषमज्वरावर तर तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी भरवशाचे एकच उरले : ॲझिथ्रोमायसिन.

नाव ओळखीचे वाटते ना? घसा धरला, सर्दी झाली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आपण तीन गोळ्यांचे पाकीट आणतो, ते हेच. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर या गोळीचा काडीचा उपयोग नाही. मात्र अंगातले इतर जंतू तिच्याने मरतात, तिला पुरून उरणारे वाढतात, आणि ते एकाच्या घरात थोडेच राहतात!

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. रोजंदारीवरच्या माणसाला डॉक्टरची फी आणि कामाचा खाडा, दोन्ही परवडत नाही. त्याला उपदेश कोणत्या तोंडाने करावा? पण ज्यांना परवडते, ते आम्ही नोकरदारही तेच करतो.

या पाकिटावर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. २०१६ साली सरकारने तिच्या प्रचाराची मोहीम काढली. विद्यार्थ्यांनी आज ती रेघ घरी दाखवावी. डॉक्टरांनाही विचारावे, ही गोळी खरोखर लागते का, आणि किती दिवस? सांगतील तितके दिवस मात्र ती घ्यावी.

आमच्या डब्यात आता सुई-दोरा असतो.