हाताने शिकायची विद्या



ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर इथरनेट स्विचचा बंद डबा कोणालाही मिळतो. त्याचे आतले काम शिकायचे तर चिप बनविणाऱ्या कंपन्यांचा उघडा 'इव्हॅल्युएशन बोर्ड' घ्यावा.

प्रथम पुस्तिका वाचा. वीजपुरवठ्याचे व्होल्ट जुळवा, जंपर तपासा. मगच बटण दाबा. सिरियल केबल संगणकाला जोडून दोन्हीकडचा वेग एकच ठेवा, नाहीतर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतील. मग दोन पोर्टांना दोन संगणक जोडा. येणाऱ्या संदेशातून पाठविणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता स्विच टिपून घेतो; अनोळखी पत्त्याचा संदेश तो इतर सर्व पोर्टांवर धाडतो. आता ते पोर्ट दोन वेगळ्या व्हीएलॅनमध्ये, म्हणजे स्वतंत्र गटांत टाका. त्यांच्यातला संदेश थांबेल. हे घोकून नव्हे, करून समजते.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, 'तारांशी खेळत बसतो' म्हणून त्यांना उठवू नका. डबा विकणाऱ्याला नफा मिळतो. जुळवणाऱ्याच्या हाती हुन्नर येतो. भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेने १९३६ साली हुन्नराचेच दार उघडले. त्या दारातून आपली मुले आत गेली पाहिजेत.