सिमून

‘छोटा राजपुत्र’ लिहिणारे सांतेक्झ्युपेरी पुष्कळांना ठाऊक असतात. ते ज्या विमानासकट लिबियाच्या वाळवंटात आदळले, त्याचं नाव मात्र सहसा कुणी विचारत नाही.

ते होतं कॉद्रों कंपनीचं सिमून. हौशी प्रवासासाठी बांधलेलं, चार आसनांचं, बरंचसं लाकडी. रचनाकार मार्सेल रिफार मूळचे शर्यतीच्या विमानांचे, आणि तो हात इथंही ओळखू येतो. चाकं पोटात घेण्याची सोय नाही, तर निदान त्यांच्यावर निमुळती आवरणं. रेनोचं सहा सिलिंडरांचं इंजिन उलटं टांगलेलं, सिलिंडर खाली. त्यामुळे नाक सडपातळ झालं आणि वैमानिकाला समोरचं चांगलं दिसू लागलं. जेमतेम १८० अश्वशक्ती, पण वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटर!

डिसेंबर १९३५. पॅरिस ते सायगाव विक्रमासाठी दीड लाख फ्रँकांचं बक्षीस होतं. वजन वाचवायचं म्हणून सांतेक्झ्युपेरींनी रेडिओच घेतला नाही. ३० तारखेच्या पहाटे, ढगांखाली उतरताना, विमान भर वेगात पठारावर घासलं. खाली गोल गुळगुळीत गोटे होते. त्यांवरून ते घसरत गेलं आणि सांतेक्झ्युपेरी व त्यांचा सहकारी, दोघंही जिवंत राहिले. पाणी मात्र सांडून गेलं. उरली थोडी कॉफी, थोडी वाइन, एक संत्रं. चौथ्या दिवशी एका बेदुइन माणसानं त्यांना वाचवलं.

गाजली ती ही कथा. पण त्याच वर्षी, जुलैपासून, ‘एर ब्लू’ कंपनीची सिमून विमानं फ्रान्सच्या शहरांमध्ये टपाल नेऊ लागली होती. प्रवासी नाहीत, नुसत्या थैल्या. कारभार कडक शिस्तीच्या दिदिए दोरांकडे, म्हणजे वेळेच्या बाबतीत दयामाया नाही. विमानं चोख चालली, हिशेब चालला नाही: जादा आकार इतका की लोक पत्रं टाकीनात. साधारण वर्षभरानं सेवा थांबली; पुढं सरकारच्या मदतीनं पुन्हा सुरू झाली.

माझ्या मते सिमूनची खरी परीक्षा घेतली ती वैमानिक मारीझ बास्तिए यांनी. डिसेंबर १९३६ च्या सुरुवातीला विख्यात वैमानिक मेर्मोझ चार इंजिनांच्या विमानासह दक्षिण अटलांटिकवर नाहीसे झाले होते. बाईंनी आपल्या सिमूनला त्यांचंच नाव दिलं आणि ३० डिसेंबरला, एकट्यानं, एका इंजिनाच्या भरवशावर, डाकारहून ब्राझीलमधलं नाताल गाठलं. वेळ, १२ तास ५ मिनिटं.