शुश्रूषेचा पहिला पाठ

परिचर्येच्या शाळेंत नव्यानें दाखल झालेल्या विद्यार्थिनीची पहिली निराशा बहुधा पहिल्याच महिन्यांत होते. घरून निघतांना तिच्या डोळ्यांपुढें इंजेक्शनची सुई असते, सलाईनची बाटली असते, शस्त्रक्रियेची खोली असते. प्रत्यक्षांत हातीं येते ती चादर. रुग्णाला खाटेवरून न उठवतां त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलावी, कोमट पाण्यानें त्याचें अंग कसें पुसावें, तोंड कसें स्वच्छ करावें, त्याला कुशीवर कसें वळवावें, हेंच तिला दिवसच्या दिवस गिरवावें लागतें. यावल, चोपडा, साक्री किंवा शिरपूर तालुक्यांतल्या एखाद्या गांवाहून जळगांवास वा धुळ्यास शिकावयास आलेल्या मुलीला वाटतें कीं, हें सारें घरीं आजीचें करीतच होतें. त्यासाठीं शाळा कशाला हवी?

हा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. ज्या शाळेंत त्याचें नीट उत्तर मिळत नाहीं, तेथून बाहेर पडणारी परिचारिका सुईंत तरबेज होते, रुग्णांत होत नाहीं. घरीं आजीचें अंग पुसतांना त्या मुलीच्या हातांत माया होती. येथें त्या मायेला पाहण्याची शिस्त लावावयाची असते. अंग पुसणें हें एका परीनें निमित्त. त्या दहा-पंधरा मिनिटांत रुग्णाची पाठ, टांचा, ओठ, श्वास, बोलणें, सारें तिच्या दृष्टीखालून जातें. डॉक्टर एका खाटेजवळ दिवसांतून कांहीं मिनिटेंच उभे राहूं शकतात. परिचारिका पाळीभर तेथें असते. तेव्हां रोगी बिघडूं लागला हें सर्वांत आधीं कोणाच्या लक्षांत यावयास हवें, हें निराळें सांगावयास नको.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ साली शुश्रूषेवर जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत रुग्णाच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. त्यांची एक सूचना आजही तितकीच उपयोगाची आहे. रोग्याला 'रात्र बरी गेली ना?' असें विचारूं नये. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळीं लागली, तें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर विचारणाराच रोग्याच्या तोंडीं घालीत असतो. आपल्याकडे १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन उभें राहिलें, आणि रमाबाई रानडे यांनीं तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळवून दिलें. मध्यमवर्गीय घरांतल्या बाईनें परक्या माणसाच्या खाटेजवळ उभें राहावें, हीच कल्पना त्या काळीं पुष्कळांना सोसत नसे. आज खानदेशांत शेतकऱ्यांच्या मुली आणि मुलगेही हें शिक्षण घेतात. वॉर्डांत 'सिस्टर' या हांकेबरोबर 'ब्रदर' ही हांकही ऐकूं येते.

पाहणें खाटेजवळ पोंचण्यापूर्वींच, दारापासून, सुरू होतें. रुग्ण उताणा निजला आहे कीं उशांना टेकून बसला आहे? जो आडवा होऊं शकत नाहीं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढें वाकून बसतो, त्याचा श्वास अडतो आहे हें कोणतेंही यंत्र न लावतां कळतें. पोट दुखणारा एखादा तळमळत असतो. दुसरा मात्र गुडघे पोटाशीं घेऊन निश्चल पडून राहतो, कारण हललें कीं कळ वाढते. अशा वेळीं तळमळणाऱ्याकडे सर्वांचें लक्ष जातें, आणि निश्चल पडलेला बहुधा अधिक धोक्यांत असतो. नंतर हांक मारावयाची. हांकेला नीट ओ देतो, मोठ्यानें बोलावल्यावरच डोळे उघडतो, चिमटा घेतल्यावर हलतो, कीं कशालाच दाद देत नाहीं, या चार पायऱ्या विद्यार्थिनीला पहिल्या वर्षीं पाठ करावयास लावतात. काल पहिल्या पायरीवर असलेला माणूस आज दुसऱ्या पायरीवर आहे, एवढी एकच गोष्ट डॉक्टरांना तांतडीनें बोलावण्यास पुरेशी असते.

विचारणें कोणत्या भाषेंत, हा खानदेशांत दुय्यम प्रश्न नाहीं. शिक्षण इंग्रजींत, तक्ता इंग्रजींत, बोलणें पुस्तकी मराठींत, आणि खाटेवरची म्हातारी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारी. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली असेल तर पावरी किंवा भिली. 'आपणांस कोणत्या प्रकारच्या वेदना होत आहेत?' या प्रश्नाला ती नुसती मान हालविते. 'माय, काय व्हई ऱ्हायनं?' असें जवळ बसून विचारलें, कीं सारी हकीकत बाहेर येते. शिकलेल्या मुलीला वॉर्डांत आपल्या घरची बोली काढण्याचा संकोच वाटतो. तो सोडावयास लावणें हेंही शिक्षकांचें एक काम समजावें.

आतां मोजमापाविषयीं. नाडी मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस पहिलीं दोन-तीन बोटें ठेवून पाहतात. स्वतःच्या अंगठ्यानें पाहूं नये, कारण अंगठ्याला त्याची स्वतःची नाडी असते आणि मोजणारीचे ठोके रुग्णाच्या नांवावर जमा होतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. संख्येइतकीच चाल महत्त्वाची. ठोके अनियमित लागले तर पंधरा सेकंद मोजून चारांनीं गुणण्याची सवलत नाहीं. पुरतें मिनिट मोजलेंच पाहिजे.

श्वास मोजण्याची कला मात्र याहून नाजूक आहे, आणि तिचीच सर्वांत अधिक हेळसांड होते. 'तुमचा श्वास मोजतें' असें सांगितल्याबरोबर माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटें मनगटावर तशींच ठेवावींत आणि नजर हळूच छातीकडे न्यावी. प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारणतः १२ ते २० असतात. ते वाढूं लागणें ही पुष्कळ गंभीर आजारांतली पहिली खूण असते. रक्तदाब उतरण्याच्या कितीतरी आधीं ती दिसते. असें असतां पुष्कळ तक्त्यांवर सर्व रुग्णांच्या नांवापुढें १८ किंवा २० हाच आंकडा ओळीनें मांडलेला आढळतो. वीस माणसें एकाच गतीनें श्वास घेत आहेत हा चमत्कार घड्याळ न पाहणाऱ्या विद्यार्थिनींच्याच वॉर्डांत घडतो! घरींही आईबापांनीं लक्षांत ठेवावें असें एक माप आहे. खोकला असलेलें मूल दोन महिन्यांचें ते एक वर्षाच्या आंतलें असून मिनिटाला ५० किंवा अधिक, अथवा एक ते पांच वर्षांचें असून ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर तो न्युमोनिया असूं शकतो. दवाखान्यांत जाण्यास सकाळची वाट पाहूं नये.

रक्तदाबाच्या मापाची आजची रीत १९०५ साली कोरोत्कोफ या रशियन शल्यवैद्यानें दाखवून दिली. घरोघरीं आतां त्याचीं विजेवर चालणारीं यंत्रें आहेत, पण जिना चढून आल्याबरोबर, पाय लोंबकळत ठेवून, गप्पा मारीत घेतलेला दाब हा खरा दाब नव्हे. पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, हात हृदयाच्या पातळीवर असावा. दंडाला लावावयाची पट्टी अरुंद पडली तर आंकडा खोटाच वाढतो. सडपातळ दंडाला मोठी पट्टी लावली तर तो खोटाच उतरतो.

ताप पाहण्याचें काम सर्वांत सोपें समजलें जातें, आणि जळगांव-भुसावळचा उन्हाळा तो समज दरवर्षीं खोडून काढतो. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्या वर जातो. केळीच्या बागेंतून किंवा रस्त्याच्या कामावरून एखाद्या मजुराला आणतात. तो बरळत असतो, अंग तव्यासारखें तापलेलें असतें. काखेंत लावलेला ज्वरमापक शरीराच्या आंतल्या उष्णतेपेक्षां कमी दाखवितो, हें ठाऊक नसलेली विद्यार्थिनी ३९ हा आंकडा लिहून तापाची गोळी शोधूं लागते. उष्माघातांत ती गोळी निरुपयोगी आहे, कारण हा ताप जंतूंनीं चढविलेला नाहीं. माणूस उन्हांतून आला, अंग अतिशय तापलें आणि शुद्धींत फरक पडला, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या कीं डॉक्टरांना हांक मारावयाची, आणि ते येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर पाणी व वर वारा घालावयाचा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाहीं, असें समजूं नये. श्रम करतां करतां कोसळलेल्या माणसाचें अंग घामानें भिजलेलें असूं शकतें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी किंवा कांद्याचा रस घालण्याचा आग्रह नातेवाईक मायेपोटीं धरतात. तो नम्रपणें पण ठामपणें थांबवावा लागतो, कारण तें पाणी पोटाऐवजीं फुप्फुसांत जातें.

२०२१ च्या उन्हाळ्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, बोटाला लावावयाची प्राणवायुमापक चिमटी शहरांतल्या बहुतेक घरांत आली. ती अजून कपाटांत पडून असेल. तिच्यामागचें तत्त्व १९७४ मध्यें ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानें मांडलें. तिनें असंख्य लोकांना वेळेवर रुग्णालयांत पोंचविलें, हें खरें. पण तीही फसते. थंड पडलेलें बोट, नखांवरचा रंग, दाट मेंदी यांनीं आंकडा चुकतो. काळ्या-सांवळ्या त्वचेवर ती कधीं कधीं प्राणवायु आहे त्याहून अधिक दाखविते, असें २०२० मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळून आलें. आंकडा ९६ आणि माणूस एका दमांत वाक्य पुरें करूं शकत नाहीं, असा पेंच पडला तर विश्वास माणसावर ठेवावा.

हाच न्याय वेदनेलाही लागूं आहे. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. त्याच्या निर्मूलनासाठीं जुलै २०२३ मध्यें देशभर मोहीमही सुरू झाली. या आजारांत रक्तांतल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत असह्य कळा उठतात. धुळ्याच्या थंडींत, अंगांतलें पाणी कमी झालें असतां, किंवा तापाच्या निमित्तानें हा झटका येतो. बाहेरून मात्र कांहींच दिसत नाहीं. ना सूज, ना जखम. पंधरा वर्षांचा मुलगा ओरडतो आहे आणि तक्त्यावर सर्व आंकडे ठीक आहेत, असें पाहून 'सोंग करतो' हा शेरा मारणें फार सोपें आहे. वेदनेचें माप रुग्णाच्या तोंडींच असतें. शून्य ते दहांत ती किती, हें त्याला विचारून त्यानें सांगितलेलाच आंकडा लिहावयाचा, आपल्याला पटलेला नव्हे. ऊब द्यावी, पाणी पाजावें, वेदनाशामक औषध वेळेवर मिळतें ना हें पाहावें. दुखऱ्या जागीं बर्फ लावूं नये.

पाठीवरच्या व्रणांचेंही असेंच आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारणतः दर दोन तासांनीं कूस बदलवितात. माकडहाड, नितंब, टांचा, घोटे या जागा रोज पाहावयाच्या. बोट दाबल्यावरही न फिकटणारी लाली ही व्रणाची पहिली खूण, असें पुस्तक सांगतें. पण शेतांत राबलेल्या सांवळ्या पाठीवर लाली दिसतच नाहीं. तेथें हाताच्या पाठीनें चाचपून कोठें ऊन लागतें, कोठें कठीण लागतें, तें पाहावें लागतें. हें ज्ञान अंग पुसतांनाच हातांत येतें.

जून २०२० मध्यें जळगांवच्या एका शासकीय रुग्णालयांतून ऐंशी वर्षांपुढची एक कोरोनाग्रस्त वृद्धा बेपत्ता झाली. सुमारें आठ दिवसांनीं तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहांत सांपडला. चौकशी झाली, वरिष्ठांवर निलंबनाची कारवाई झाली. साथीच्या त्या दिवसांत रुग्णालयें मनुष्यबळाच्या दृष्टीनें किती तुटपुंजीं होतीं, आणि अनेक परिचारिका स्वतः आजारी पडूनही पुन्हां कामावर कशा आल्या, हें सर्वांना ठाऊक आहे. त्यांतल्या एखादीच्या माथीं हा दोष मारणें अन्यायाचें होईल. तरीही परिचर्येच्या वर्गांत ही घटना टाळून पुढें जातां येत नाहीं. नाडी, श्वास, दाब, ताप यांच्याही आधीं एक मोजणी असते: खाटा किती आणि माणसें किती.

म्हणून चांगल्या वॉर्डांत पाळी बदलतांना कारभार टेबलावरच्या वहीवर सोंपवीत नाहींत. जाणारी आणि येणारी, दोघी मिळून खाटेखाटेपाशीं जातात. पहिल्या खाटेवरच्या बाईंनीं सकाळपासून किती पाणी घेतलें आणि लघवी किती झाली, दुसरीवरच्या बोवांची पाठ कशी आहे, असें रुग्णासमोर, त्यालाही ऐकूं येईल असें सांगितलें जातें. विद्यार्थिनी तक्ता घेऊन मागें असते. तिसरी खाट रिकामी दिसते. चादर बाजूला सारलेली, चपला नाहींत. 'आत्तांच तर होते,' असें शेजारचा रुग्ण सांगतो. तेवढ्यावर चौथ्या खाटेकडे वळावयाचें नसतें. दोघी तेथेंच थांबतात आणि विद्यार्थिनी बाहेर जाऊन स्वच्छतागृहाच्या दारावर टकटक करते. बाबा भिंतीचा आधार घेत सावकाश बाहेर येतात. ती त्यांचा हात धरते, चालतां चालतां नाडीवर बोटें ठेवते, आणि त्यांना खाटेवर बसविल्यावर तक्त्यावर वेळ लिहिते.